एका गावाचे चार पत्ते

रविवारची दुपार. जेरुसलेममध्ये अफवांना ऊत आला आहे. शुक्रवारी ज्याला क्रुसावर चढवले त्याची कबर सकाळी रिकामी सापडली, असे बायका सांगत आहेत आणि पुरुषांपैकी बहुतेकांचा त्यावर विश्वास बसत नाही. अशा वेळी येशूच्या अनुयायांपैकी दोघे जण शहर सोडून अम्माऊस नावाच्या गावाची वाट धरतात. एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे नाव लूक सांगत नाही. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्यासोबत चालू लागतो. हे दोघे घडलेले सगळे त्याला सांगतात आणि तो उलट त्यांनाच धर्मग्रंथांचे दाखले देऊ लागतो. गाव आल्यावर तो पुढे निघतो, तेव्हा दिवस कलला म्हणून ते त्याला ठेवून घेतात. जेवायला बसल्यावर तो भाकर हातात घेऊन मोडतो आणि त्यांना ओळख पटते. ओळख पटते तोच तो दिसेनासा होतो. दोघेही तसेच उठून जेरुसलेमला परत फिरतात.

लूकच्या शुभवर्तमानातल्या २४व्या अध्यायात ही गोष्ट आहे. मार्कच्या शेवटी एक ओझरता उल्लेख आहे, पण त्यात गावाचे नाव नाही. म्हणजे अम्माऊसचा सगळा पुरावा एकट्या लूकच्या हाती, आणि त्याने दिलेला पत्ता एवढाच: जेरुसलेमपासून साठ स्टाडिया. एक स्टाडियम सुमारे १८५ मीटर धरला तर अकरा किलोमीटर. कोणत्या दिशेला, कोणत्या रस्त्यावर, डोंगरात की मैदानात, याबद्दल चकार शब्द नाही. आणि हाही आकडा सगळीकडे सारखा नाही. बहुतेक जुन्या हस्तलिखितांत साठ आहे. पण सिनाईच्या मठात सापडलेल्या चौथ्या शतकातल्या प्रसिद्ध संहितेत आणि आणखी काही प्रतींत एकशे साठ आहे. साठ म्हणजे संध्याकाळी पोचून रात्री परत येण्याजोगे अंतर. एकशे साठ म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर. माउलींच्या पालखीचा पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाण्याचा टप्पा सगळ्यांत लांबचा मानतात, तेवढा. आणि जेवणावरून उठून तेवढेच पुन्हा मागे.

एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर आजवर निदान चार गावांनी अम्माऊस असल्याचा हक्क सांगितला आहे, आणि चौघांपैकी एकाचीही बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

चौथ्या शतकात मात्र हा वाद नव्हता. कैसरियाचा बिशप युसेबियस याने बायबलातल्या स्थळांची जंत्री तयार केली, तीत अम्माऊस म्हणजे आताचे निकोपोलिस, असे सरळ नोंदवले आहे. बायबलचा लॅटिन अनुवाद करणारा जेरोम पुढे बेथलेहेमला येऊन राहिला. पावला या रोमन विधवेच्या यात्रेची हकीकत सांगताना त्यानेही निकोपोलिसचेच नाव घेतले आणि क्लयपाच्या घराचे तिथे चर्च झाले आहे असे लिहिले. हे निकोपोलिस जेरुसलेमच्या पश्चिमेला, डोंगर संपून किनाऱ्याकडची सपाटी सुरू होते तिथे होते. अंतर एकशे साठ स्टाडियांच्या हिशेबात चोख बसते. इथेच अभ्यासकांची पंचाईत होते. मुळात एकशे साठ होते आणि अंतर अशक्य वाटल्याने कुणा लेखनिकाने 'एकशे' गाळले, की मुळात साठ होते आणि निकोपोलिसशी मेळ घालण्यासाठी 'एकशे' घुसवले? दोन्ही बाजूंनी पोथ्याच्या पोथ्या लिहून झाल्या आहेत.

त्या गावाला इतिहास मात्र दांडगा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ज्यू बंडाचा नेता यहूदा मक्काबी याने सेल्युकिड सेनापती गोर्गियास याला चकवले ते याच अम्माऊसजवळ. गोर्गियास रात्री निवडक फौज घेऊन यहूदाच्या तळावर चालून गेला. यहूदा आधीच निसटून थेट त्याच्या मागे राहिलेल्या छावणीवर येऊन आदळला. आपल्याकडे हे वाचताना गनिमी काव्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. पुढे रोमन आले. कॅसियसने खंडणी थकली म्हणून इथल्या रहिवाशांना गुलाम म्हणून विकले. इसवी सनापूर्वी ४ मध्ये हेरोद मेल्यावर बंडे झाली, अम्माऊसजवळ एका रोमन तुकडीवर हल्ला झाला, आणि त्याचा सूड म्हणून सुभेदार वारुस याने गाव जाळून टाकले. माणसे आधीच पळाली होती. साधारण पस्तीस वर्षांनी क्लयपा घरी निघाला असेल, तर तो एका जळालेल्या, पुन्हा जेमतेम सावरलेल्या वस्तीत निघाला असणार. अम्माऊस हे शहर होते, मग लूक त्याला गाव का म्हणतो, या आक्षेपाला मला तरी हे उत्तर पटते.

इ.स. ६८ मध्ये रोमन सेनापती व्हेस्पासियनने पाचवे लीजन इथे आणून बसवले. त्या सैनिकांच्या थडग्यांचे दगड इथे सापडले आहेत. तिसऱ्या शतकात, २२१च्या सुमारास, इथला ज्युलियस आफ्रिकानस हा ख्रिस्ती विद्वान शिष्टमंडळ घेऊन रोमला सम्राटाकडे गेला आणि गावाला शहराचा दर्जा व निकोपोलिस हे नाव मिळवून आला. सम्राट कोण, तर एलागाबालुस. ज्याच्या विक्षिप्तपणाच्या कहाण्यांनी रोमन इतिहासकारांची पाने भरली आहेत, त्याच्या कारकिर्दीतले हे एक धड काम.

बायझंटाइन काळात इथे मोठे चर्च उभे राहिले. त्याचे अवशेष आजही उघड्यावर आहेत. पूर्वेकडे तीन अर्धगोल कोनाडे, हातभर जाडीच्या घडीव चिऱ्यांचे. मधल्या कोनाड्याच्या पुढ्यात क्रुसेडच्या लढवय्यांनी बाराव्या शतकात बांधलेल्या लहान चर्चच्या भिंती. मोठे चर्च पडले होते आणि ते सगळे परत उभारायला पैसा नव्हता किंवा गरज नव्हती, म्हणून त्यांनी फक्त मधला भाग वापरात घेतला. शेजारी बाप्तिस्म्याचे दगडी कुंड आहे, जमिनीत खोल उतरलेले. इथेच एका खांबाचा माथा मिळाला. त्यावर एका बाजूला ग्रीक अक्षरांत देव एकच असल्याचे लिहिले आहे आणि दुसऱ्या बाजूला शोमरोनी लिपीत देवाच्या नावाची स्तुती. दोन समाज एकाच दगडावर आपापल्या लिपीत तेच लिहीत होते.

मुसलमान इतिहासात हे गाव वेगळ्याच कारणाने अमर झाले आहे, आणि ते कारण भाकरीचे नाही. अरबांनी पॅलेस्टाइन जिंकल्यावर इथे त्यांच्या फौजेचा तळ पडला. गावाचे नाव तोवर पुन्हा जुन्या वळणावर, अम्वास असे झाले होते. ६३९ मध्ये या तळावर प्लेगने थैमान घातले. 'ताऊन अम्वास', अम्वासचा प्लेग, या नावाने तो अरबी बखरींत येतो. त्यात पंचवीस हजार सैनिक मेल्याचा आकडा त्या देतात. पैगंबरांचा निकटचा सहकारी आणि शामचा, म्हणजे सीरियाकडच्या मुलखाचा, सेनापती अबू उबैदा त्यात गेला, त्याच्या जागी आलेला मुआज इब्न जबल गेला, नंतरचा यझीद इब्न अबी सुफयान गेला. त्याआधी खलिफा उमर मदिनेहून शामकडे येत होते, साथीची बातमी वाटेत कळली तेव्हा ते मागे फिरले. देवाने ठरवलेल्यापासून पळता का, असे अबू उबैदाने विचारले. देवाने ठरवलेल्या एका गोष्टीकडून त्यानेच ठरवलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे जातो आहे, या आशयाचे उमरचे उत्तर प्रसिद्ध आहे. साथीच्या मुलखात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, हे पैगंबरवचन त्याच प्रसंगी सांगितले गेले. करोनाच्या काळात जगभरच्या मौलवींनी ते पुन्हा पुन्हा सांगितले.

या साथीचा एक राजकीय परिणाम झाला तो असा: सेनापतींची रांगच्या रांग संपल्यावर शामचा कारभार यझीदचा भाऊ मुआविया याच्याकडे आला. त्याने तिथे वीस वर्षे पाय रोवले आणि पुढे उमय्या घराण्याची खिलाफत उभी केली. ख्रिस्ती यात्रेकरूंच्या लेखी जे एक लहानसे भोजनस्थळ, तिथल्या एका साथीने इस्लामी साम्राज्याच्या राजधानीचे ठिकाण बदलले असे म्हणायला हरकत नाही.

यात्रेकरू हा मुळात भक्त असला तरी तो प्रवासीही असतो. त्याला पाणी लागते, रात्रीचा निवारा लागतो, आणि रस्ता सुरक्षित लागतो. अम्माऊसचे पुढचे स्थलांतर समजून घ्यायचे तर हे तीन शब्द पुरेत.

जून १०९९ मध्ये पहिल्या क्रुसेडची फौज जेरुसलेमच्या उंबरठ्यावर आली. तेव्हाच्या बखरी सांगतात, अम्माऊसला मुक्काम असताना रात्री बेथलेहेमचे ख्रिस्ती लोक मदत मागायला आले आणि टँक्रेड हा क्रुसेडचा सरदार शंभरेक स्वार घेऊन तिकडे धावला. हे अम्माऊस कोणते, यावरही आता वाद आहे, कारण पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्याच लोकांनी अम्माऊस जाफा-जेरुसलेम रस्त्यावर बरेच अलीकडे आणून ठेवले. गाव कर्यत अल-इनब, आताचे अबू गोश. अंतर बरोबर साठ स्टाडिया. गावात बारमाही झरा. बाराव्या शतकाच्या मध्याला, ११४०च्या सुमारास, हॉस्पिटलर सरदारांनी त्या झऱ्यावरच चर्च बांधले.

ते चर्च अजून शाबूत आहे, आणि पॅलेस्टाइनमधल्या क्रुसेडकालीन इमारतींत मला सर्वांत आवडते ते हेच. बाहेरून किल्ल्यासारखे: जाड भिंती, लहान खिडक्या, नक्षी जवळपास नाहीच. भिंतीत एक रोमन दगड बसवलेला आहे, दहाव्या लीजनच्या तुकडीचे नाव कोरलेला. रोमन शिपायांनीही याच झऱ्यासाठी इथे ठाणे केले होते. आतल्या भिंतींवर बायझंटाइन वळणाची चित्रे आहेत. रंग विटलेत, पण झग्यांच्या निऱ्या, प्रभामंडळे, हातांची ठेवण स्पष्ट दिसते. चेहरे तेवढे कुणीतरी खरवडून काढलेले. खाली तळघरात पायऱ्या उतरून गेले की दगडी कुंडात झऱ्याचे पाणी. इथे भाकर मोडली गेली की नाही हे देव जाणे, पण थकलेला माणूस इथे बसला असेल याबद्दल शंका वाटत नाही.

११८७ मध्ये सलाउद्दीनने जेरुसलेम घेतले. नंतरच्या शतकांत अबू गोशच्या बाजूचा रस्ता यात्रेकरूंना जड जाऊ लागला. उस्मानी काळात तर ज्या घराण्याच्या नावाने गाव ओळखले जाते त्या अबू गोश सरदारांनी घाट अडवून प्रत्येक यात्रेकरूकडून पट्टी वसूल करण्याचा धंदाच केला होता. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय प्रवासवर्णनांत त्यांचे नाव निघाले नाही असे क्वचितच होते. मध्ययुगाच्या उत्तरार्धात यात्रेकरू उत्तरेच्या वाटेने येऊ लागले, आणि त्या वाटेवर जेरुसलेमपासून साठ स्टाडियांवर कुबेबा नावाचे गाव होते. पवित्र स्थळांची देखभाल करणाऱ्या फ्रान्सिस्कन संन्याशांनी अम्माऊसची उपासना कुबेब्यात सुरू केली. इथे मला कुणाची लबाडी दिसत नाही. रस्ता बदलला, अंतर तेच राहिले, म्हणून गाव बदलले.

एकोणिसाव्या शतकात मात्र प्रकरण पेटले. उस्मानी सत्ता खिळखिळी झाली होती आणि फ्रेंच, इटालियन, जर्मन, रशियन सगळ्यांनाच पवित्र भूमीत पाय ठेवायला जागा हवी होती. पॉलिन द निकोले या फ्रेंच उमराव घराण्यातल्या बाईने १८६१ मध्ये कुबेब्यातले अवशेष विकत घेऊन फ्रान्सिस्कनांना दिले. अबू गोशचे चर्च १८७३ मध्ये फ्रेंच सरकारच्या ताब्यात आले. ते आजही फ्रान्सची मालमत्ता आहे आणि बेनेडिक्टाइन मठ तिथे नांदतो. आणि जुन्या निकोपोलिसच्या जागी, इम्वास या अरब खेड्यात, तिसरा दावा उभा राहिला, तो एका संन्यासिनीमुळे.

मरियम बवार्दी ही गालीलातल्या इबिल्लिन गावची, अरब ख्रिस्ती घरातली, लिहितावाचता जेमतेम येणारी मुलगी. फ्रान्समधल्या पो इथल्या कार्मेल मठात ती दाखल झाली. १८७० मध्ये त्या मठाने भारतातला पहिला कार्मेल मंगळूरला काढला, तेव्हा पाठवलेल्या संन्यासिनींत ती होती. १८७१ मध्ये तिची अखेरची शपथ झाली ती मंगळुरात. तिला समाधी लागत असे, दृष्टान्त होत असत, आणि त्यावरून मंगळूरच्या वरिष्ठांशी बिनसल्याने १८७२ मध्ये तिला परत पाठवले गेले. नंतर तिने बेथलेहेमचा कार्मेल उभारला. १८७८ मध्ये नाझरेथच्या वाटेवर इम्वासला आल्यावर तिने सांगितले: प्रभूने भाकर मोडली ती जागा हीच. बेर्त दार्तिगो या पो शहरच्या श्रीमंत बाईने ती जमीन कार्मेलसाठी खरेदी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मरियम गेली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी तिला संत म्हणून घोषित केले.

इतिहासाच्या अभ्यासकाला दृष्टान्तावर विसंबता येत नाही. पण त्या जमिनीवर खणायला सुरुवात झाली आणि युसेबियस-जेरोमच्या निकोपोलिसचे चर्च खरेच निघाले. आधी गिलमो नावाच्या फ्रेंच कॅप्टनने खणले. १९२४ ते १९३० या काळात जेरुसलेमच्या डोमिनिकन संस्थेतले फादर व्हँसाँ आणि फादर आबेल यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. दरम्यान कुबेबा आणि इम्वास यांच्या कैवाऱ्यांमध्ये पुस्तके आणि पत्रके यांचे युद्ध चालू होते. दोन्हीकडचे कॅथलिक, दोन्हीकडचे संन्यासी, आणि भाषा मात्र भाऊबंदकीच्या दाव्यातली. कुबेब्याच्या चर्चच्या डाव्या बाजूला जुन्या पायाच्या दगडांची एक ओळ जपून ठेवलेली आहे. क्लयपाचे घर म्हणून ती दाखवतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इटालियन संन्याशांना त्याच मठात स्थानबद्ध केले, तेव्हा फादर बगात्ती यांनी रिकाम्या वेळात तिथे खणून एक क्रुसेडकालीन रस्ता आणि त्याच्या दुतर्फाची घरे उजेडात आणली. घरे बाराव्या शतकातली. पहिल्या शतकाचा प्रश्न तिथेच राहिला.

चौथा दावेदार मोत्सा. ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो की ज्यू युद्धानंतर व्हेस्पासियनने आठशे निवृत्त सैनिकांना जेरुसलेमपासून तीस स्टाडियांवर अम्माऊस नावाच्या जागी जमिनी दिल्या. या सैनिकी वसाहतीवरून पुढे तिथल्या अरब गावाचे नाव कलुनिया पडले. जाऊन-येऊन साठ स्टाडिया, असा हिशेब मांडणारे आहेत. जर्मन विद्वान कार्स्टेन पेटर थिडे याने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे खोदकाम केले. २००४ मध्ये तो अचानक वारला. अंतर अर्धे असले तरी संध्याकाळी जेवून रात्रीत परतण्याच्या दृष्टीने मोत्साच सर्वांत सोयीचे, हे कबूल करावे लागते. तरीही मला विचाराल तर पारडे इम्वासकडे झुकते: चौथ्या शतकातल्या स्थानिक माणसांना त्याशिवाय दुसरे अम्माऊस ठाऊक नव्हते, आणि अवघड अंतर नंतर कुणी मुद्दाम घुसवण्यापेक्षा सोपे करून घेण्याची शक्यता अधिक.

ज्या गावाचा पत्ता नक्की नाही ते कुठेही वसवता येते. मोराव्हियन ख्रिस्ती लोकांनी हे अमेरिकेत प्रत्यक्ष करून दाखवले. पेनसिल्व्हेनियात १७४० मध्ये त्यांनी नाझरेथला सुरुवात केली. १७४१च्या नाताळाच्या आदल्या रात्री त्यांचा पुढारी काउंट त्सिन्झेनडॉर्फ याच्या उपस्थितीत नव्या वस्तीचे नाव बेथलेहेम ठेवले गेले. पुढे त्याच बेथलेहेमच्या पोलादाचे जगभर नाव झाले. नाझरेथला मार्टिन गिटारी तयार होतात. १७५९ मध्ये वसवलेल्या आणखी एका वस्तीला त्यांनी अम्माऊस म्हटले. ती बंद वस्ती होती: चर्चच्या सभासदाखेरीज कुणाला तिथे घर बांधता येत नसे, आणि हा नियम बराच काळ पाळला गेला. गावाचे स्पेलिंग एका 'एम'ने चालत आले होते, ते १९३८ मध्ये दोन 'एम' करून सुधारले.

या अम्माऊसला मराठी माणसाच्या ओळखीचा एक धागा आहे, तो खताच्या ढिगातून जातो. आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीतज्ज्ञ १९२४ ते १९३१ होळकरांच्या इंदुरात होता. शेणमूत, पालापाचोळा, काडीकचरा यांचे थर लावून खत कुजवण्याची जी पद्धत त्याने तिथे बसवली तिला जगात 'इंदूर पद्धत' म्हणतात. त्याचे लिखाण वाचून पेनसिल्व्हेनियातल्या अम्माऊसचा कारखानदार जे. आय. रोडेल पेटला. त्याने गावाजवळ शेत घेतले, १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले आणि हॉवर्डचे नाव सहसंपादक म्हणून छापले. अमेरिकेतल्या सेंद्रिय चळवळीचे टपाल पुढे अनेक दशके अम्माऊस या पत्त्यावर येत राहिले.

फ्रान्समध्ये हे नाव बेघरांचे झाले. १९४९ मध्ये पॅरिसजवळच्या एका मोडकळीला आलेल्या घरात आबे पिएर या धर्मगुरूने निराधारांना आसरा दिला आणि घराला अम्माऊस म्हटले. भंगार गोळा करून, दुरुस्त करून, विकून जगणाऱ्या माणसांची ही चळवळ कितीतरी देशांत पसरली. त्याच आबे पिएरवर २०२४ मध्ये अनेक बायकांनी लैंगिक छळाचे आरोप केले, आणि चळवळीने ते गंभीर मानून त्याचे नाव बाजूला सारायला सुरुवात केली. गावाचे नाव ठेवले, संस्थापकाचे काढले.

चित्रकारांना तर ही गोष्ट म्हणजे पर्वणीच. काराव्हाज्जोने ती दोनदा रंगवली, रेम्ब्राँनेही. पण सगळ्यांत गाजलेले अम्माऊस खोटे होते. हान व्हान मेगेरन या डच चित्रकाराने १९३७च्या सुमारास अम्माऊसचे भोजन रंगवून ते व्हर्मीरचे हरवलेले चित्र म्हणून खपवले. नामांकित जाणकार ब्रेडियस याने खात्री दिली, रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी पाच लाख गिल्डरहून जास्त किमतीला ते घेतले गेले आणि लोक त्यापुढे तासन्‌तास उभे राहिले. १९४५ मध्ये दुसरा एक 'व्हर्मीर' नाझी नेता गोअरिंगला विकल्याच्या आरोपाखाली व्हान मेगेरन पकडला गेला, तेव्हा देशद्रोहाच्या शिक्षेतून सुटण्यासाठी त्याने बनावटगिरी कबूल केली. ज्यांनी ते चित्र पवित्र मानले होते त्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली असतील.

खऱ्या चार गावांचे पुढे काय झाले? कलुनिया एप्रिल १९४८ मध्ये ज्यू पथकांनी घेतले आणि उद्ध्वस्त केले. अबू गोशच्या लोकांनी ज्यू शेजाऱ्यांशी सलोखा राखला होता, त्यामुळे ते गाव इस्रायलमध्ये टिकले. आज ते हुमूससाठी प्रसिद्ध आहे. २०१० मध्ये तिथे चार टनांच्या हुमूसची थाळी करून विश्वविक्रम केला गेला, आणि चार महिन्यांतच लेबनॉनने दहा टन करून तो मोडला. जुन्या चर्चच्या शेजारी मशीद आहेच. २०१४ मध्ये चेचेन्याच्या पैशाने चार मिनारांची नवी मशीदही झाली.

इम्वास १९४८ मध्ये जॉर्डनच्या बाजूला राहिले. शेजारच्या लाट्रुनच्या टेकडीसाठी इस्रायली फौजेने अनेक हल्ले केले, पण जॉर्डनच्या अरब लीजनने ती सोडली नाही. १९६७च्या जूनमध्ये, सहा दिवसांच्या युद्धात, ती जवळजवळ न लढता पडली. इम्वास, यालो आणि बेत नुबा या तिन्ही गावांतल्या लोकांना घराबाहेर काढून रामल्लाच्या दिशेने चालायला लावले. म्हातारे, लेकुरवाळ्या, उन्हात, डोंगर चढत. मागे बुलडोझर आले. तेव्हा तिथे शिपाई म्हणून असलेल्या आमोस केनान या इस्रायली लेखकाने बेत नुब्यात जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. लोकांना परतू दिले गेले नाही. १९७०च्या दशकात कॅनडातल्या ज्यूंच्या देणग्यांतून त्या जमिनीवर वनोद्यान झाले, त्याचे नाव कॅनडा पार्क. शनिवारी तेल अवीवचे लोक तिथे सहलीला येतात. इथे गावे होती हे सांगणारे फलक लावावेत म्हणून एका इस्रायली संस्थेने न्यायालयात दाद मागितली; फलक लागले आणि त्यांची मोडतोडही झाली. चर्चचे अवशेष कार्मेलच्या मालकीचे असल्याने राहिले, कब्रस्तान राहिले. यहूदा मक्काबी, वारुस, प्लेग, क्रुसेड, या सगळ्यांतून जे गाव उठून उभे राहिले होते, ते त्यानंतर उभे राहिले नाही.

कुबेबा वेस्ट बँकमध्ये आहे, आणि इस्रायलची विभाजक भिंत झाल्यापासून जेरुसलेमहून तिथे जायला लांबचा वळसा घालावा लागतो व तपासणी नाके पार करावी लागतात. ईस्टरनंतरच्या सोमवारी फ्रान्सिस्कन तरीही दरवर्षी तिकडेच जातात, मिस्सा करतात आणि आशीर्वाद दिलेल्या लहान भाकरी वाटतात. त्याच दिवशी अबू गोशच्या बेनेडिक्टाइन मठात मिस्सा असते, इम्वासच्या उघड्या अवशेषांतही असते. बसने येणाऱ्या यात्रेकरूंना यांपैकी कोणते अम्माऊस दाखवायचे ते बहुतेकदा यात्रा कंपनी ठरवते, आणि ती आधी पाहते ते नाक्यावर किती वेळ जाईल आणि बस कुठे उभी करता येईल.